अंगठ्याचा फोटो

हे घडलेलं आहे. रचूनच सांगायचं असतं, तर मी इतकं किळसवाणं काही निवडलं नसतं.

ठिकाण मिशिगनमधलं ट्रॉय. गेल्या नोव्हेंबरातला, थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. रात्र-बित्र काही नाही, भर दुपार. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या सख्ख्या काकू, मृणालिनी. सगळं आयुष्य त्वचेच्या डॉक्टर म्हणून गेलं, आता रिटायर. पण नातेवाईक कुठे रिटायर होऊ देतात? नाशिकपासून नागपूरपर्यंत कुणालाही पुरळ उठलं की फोटो थेट काकूंच्या फोनवर. गळवं, नायटे, फाटलेल्या टाचा, कुणाची तरी पांढरी जीभ. ना नमस्कार, ना चमत्कार. सकाळी चहाचा कप हातात घ्यावा आणि समोर कुणाचं तरी फुटलेलं गळू! आणि फोटोखाली लिहिलेलं, 'सवडीने बघ.'

फोन असल्या घाणीनं गच्च भरला होता. मधेच बंद पडायचा.

आणि त्याच फोनमध्ये विवेक काकांचा शेवटचा व्हिडिओ होता.

काका दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले. त्याच्या थोडं आधी काकूंनी गंमत म्हणून घेतलेला. काका आयुष्यात पहिल्यांदा कणीक मळतायत, नाकाला पीठ लागलंय आणि हसता हसता म्हणतायत, "मृणाल, बंद कर ते." बस, एवढाच. त्याची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. तो गेला असता तर काकांचा आवाजच गेला असता.

"आई, आधी जुने मेसेजेस डिलीट कर," अनया म्हणाली. ही त्यांची मुलगी, सुट्टीला शिकागोहून आलेली. "मोठ्या फाइल्स फर्स्ट. थोडी स्पेस झाली की आय विल कॉपी एव्हरीथिंग."

काकू किचनमधल्या टेबलाशी बसल्या. स्टोरेज उघडलं. सगळ्यात वर एक चॅट होतं. नाव नाही, नंबर नाही. अर्धा फोन त्यानंच खाल्लेला.

आत एकच फोटो...

अंगठा. काळं पडलेलं नख, टम्म सुजलेली कातडी, कडेनं पिवळा पू.

"शी! कोण आहे हा मेला?" काकूंनी फोटो डिलीट केला.

बारीकसा आवाज आला... चिक्.

फोटो परत आला. आता नख नव्हतं.

जागा मात्र वाढायच्या ऐवजी कमीच झाली होती.

पुन्हा डिलीट. पुन्हा... चिक्.

आता मांस उघडं पडलं होतं आणि त्यात अळ्या होत्या. फोटोच तो, पण त्या वळवळत होत्या. जन्मभर जखमा बघितलेली बाई, पण त्या स्क्रीनला बोट लावायचीसुद्धा शिसारी वाटली. काकूंनी उठून साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले. वास जाईना.

"अनया, तुला वास येतोय का गं?"

"मी गार्बेज सकाळीच बाहेर ठेवलंय." अनयानंही नाक मुरडलं होतं. तिनं फोन हातात घेतला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"आई... हे आपलं काउंटर आहे."

खरंच. अंगठ्यामागे त्यांचाच राखाडी ओटा होता, त्यावर त्यांचीच परात.

काकूंनी फोटो मोठा केला. जखमेच्या कडेला पांढरं काहीतरी वाळलेलं. पू नव्हता तो. पू त्यांनी झोपेतही ओळखला असता.

ती कणीक होती.

"व्हिडिओ! अनया, तो व्हिडिओ आधी कॉपी कर!"

लॅपटॉपला फोन जोडला. फाइल जाईना. काकूंनी घाबरून व्हिडिओ लावला.

काका हसत होते. आवाज तोच, नाकावरचं पीठ तेच. आणि परातीत फिरणाऱ्या हाताचा अंगठा...

तो. तसाच.

पू कणकेत उतरत होता आणि काका ती मन लावून मळत होते. अळ्या पिठात बुडायच्या, वर यायच्या. काकांच्या हाताला जिवंतपणी कधी साधं नखुर्डंही झालं नव्हतं.

अनया सिंकवर ओणवी होऊन ओकली. "डिलीट इट, आई! प्लीज! ते बाबा नाहीयेत!"

काकूंचं बोट डिलीटवर गेलंही.

"मृणाल, बंद कर ते," काका म्हणाले. व्हिडिओ इथेच संपायचा.

संपला नाही...

"बरं, नको करूस बंद," काका म्हणाले. "बस जरा. जेवलीस का?"

हे काकूंनी कधीच रेकॉर्ड केलेलं नव्हतं. पण आवाज त्यांचाच होता. काका गेल्यापासून त्या घरात काकूंना जेवलीस का, असं कुणी विचारलं नव्हतं.

काकूंनी बोट मागे घेतलं.

ते चॅट पुन्हा कधी दिसलं नाही. आता व्हिडिओच वाढतोय. काका रोज काहीतरी नवं बोलतात. अंगठ्याचं हाड दिसायला लागलंय म्हणे. आणि काकू ताट वाढून घेऊन त्याच्यासमोर बसतात. ते बघत बघत घास गिळतात!

गेल्या महिन्यात अनया पुन्हा ट्रॉयला गेली होती. फोन परत भरला होता, म्हणून काकूंनी जागा केली होती. अनयाच्या लहानपणचे स्कॅन करून ठेवलेले फोटो गेले. पहिला वाढदिवस गेला, शाळेतलं नाटक गेलं. फोन बिघडला वगैरे काही नाही. काकूंनी स्वतः, एकेक निवडून काढले.

"व्हाय, आई?"

"तू आहेस की समोर," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्यांना जागा लागते गं."

अनया तशीच उठली. कोटही न घालता दारापर्यंत पोचली.

तेवढ्यात किचनमधून आवाज आला...

"अनू, जेवून जा."

ती थांबली नाही. पण हे मला फोनवर सांगताना रडत होती आणि एकच विचारत होती, "ते खरंच बाबा असले तर?"