अर्ध्या उदबत्तीचं जेवण

“आईला मी माझ्याकडे घेऊन जाणार आहे,” लाम म्हणाला, आणि त्याच्या थोरल्या बहिणीच्या, लुआच्या हातातली भातवाढी भातातच रुतून राहिली.

आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. त्या दिवशी तिचं श्राद्ध होतं, आणि त्यासाठीच लाम आपल्या नव्या बायकोला, त्रिनला घेऊन कान थो शहरातून होडीने गावी आला होता. न्यायचं होतं ते आईचं कपाट. पुढच्या खोलीतलं, छातीएवढं उंच, काळपट लाकडाचं. वर आईचा फोटो, उदबत्त्यांचं भांडं आणि ताटलीत प्लास्टिकची तीन सफरचंदं. खरी सफरचंदं लुआने घरात कधी आणली नाहीत, आणि आईनेही कधी तक्रार केली नाही. पण आमच्या नदीकाठी कपाट जिथे, तिथे आई. कपाट होडीत चढलं की आई होडीत चढली. मागे राहील ते घर नाही, नुसती भिंतींची आकृती... आणि लुआला तर या वयात त्या कपाटापलीकडे आपलं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

“का रे?” तिने विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला.

“स्वप्नात येते माझ्या. सारखी येते, ताई. दारात उभी राहते, आत येत नाही. म्हणते, ‘पोट भरलेलं नाही रे अजून.’ एवढंच बोलते आणि बघत राहते.” लामने कपाळ पुसलं. “मी पाण्याचे पंप विकणारा माणूस. मला भुताखेतांचं काही पडलेलं नाही. पण आई उपाशी आहे म्हटल्यावर मला घास उतरत नाही.”

“मघापासून सहा चिक्क्या उतरल्या,” बुप म्हणाली. बुप मधली बहीण. ती शेजारच्याच गावात दिलेली होती, आणि माहेरी आली की तिला खरं बोलायची सवय होती.

“थट्टा नको, बुपताई. का उपाशी राहते ते मला ठाऊक आहे.” त्याने कपाटाकडे बोट दाखवलं, मग लुआकडे. “ही तिला अर्धी उदबत्ती लावते.”

ते खरं होतं.

आमच्याकडे रीत अशी की गेलेल्या माणसापुढे भाताचा वाडगा ठेवायचा आणि उदबत्ती लावायची. उदबत्ती जळते तोवर तो जेवतो. विझली की त्याचं आटोपलं, मग वाडगा उचलायचा. लुआ उदबत्ती मधोमध मोडायची. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. म्हणजे गावात बाकीचे मेलेले लोक सावकाश, चवीने जेवत असताना आमच्या या माउलीला गाडी पकडायची असल्यासारखं जेवावं लागत होतं... तेही तीस वर्षं.

“आम्ही जिवंत माणसं, आमच्यावर काटकसर केलीस, ते ठीक,” लामचा आवाज कापरा झाला. “पण मेलेल्या आईच्या तोंडचाही घास तुला मोजावासा वाटला?”

लुआ भात परतत राहिली, खरं तर भाताला परतायची काही गरज नव्हती.

तिची काटकसर गावात प्रसिद्ध होती. आमच्याकडे थोरल्या मुलाला ‘दुसरा’ म्हणतात, थोरलीला ‘दुसरी’. पहिलं मूल कोण हे वाईट शक्तींना कळू नये म्हणून मोजणी दोनापासूनच सुरू करतात. लोक म्हणायचे, आमची दुसरी एवढी चिकट, की तिनेच एकचा आकडा वाचवून ठेवला असेल. तांदूळ धुतलेल्या पाण्याने ती भांडी घासायची, आणि तेच पाणी पुढे मिरचीच्या रोपाला जायचं. साबणाचे उरलेले तुकडे दाबून ती गोळा करायची. तो रंगीबेरंगी गोळा पाहून लहानपणी लामला दुकानातला साबण अर्धवट वाटायचा. बदकाचं एक अंडं ती मासळीच्या खाऱ्या पाण्यात कुस्करायची आणि त्यावर अख्खं घर जेवायचं. मातीच्या भांड्यातला मासा इतका खारट शिजवायची, की मांजराने एकदा उचललेला तुकडा परत आणून ठेवला होता.

या सगळ्याला कारण होतं. बाप होडीचं इंजीन आणायला म्हणून गेला. इंजीन ओळखीच्या एका माणसाबरोबर घरी आलं, बाप आला नाही. इंजीन मात्र चांगलं निघालं. पुढे पुराच्या महिन्यात आई तापाने गेली, तेव्हा लुआ सतरा वर्षांची होती, बुप नऊची आणि लाम चारचा. जाताना आईने लुआचा हात धरून एकच वाक्य म्हटलं होतं, “पोरांना उपाशी ठेवू नकोस.” त्या एका वाक्याच्या ओझ्याखाली लुआचं सगळं यौवन निमूटपणे वाकलं होतं. ती जलपर्णीच्या टोपल्या विणत राहिली, बोटांना भेगा पडत गेल्या. नारळ वाहणाऱ्या होडीवरच्या एका माणसाने दोन पावसाळे तिच्या धक्क्यावर विनाकारण होडी लावली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात लावली नाही...

पण आता लामच्या तोंडून ‘पोट भरलेलं नाही’ हे शब्द आले, तसं लुआला नवल वाटलं नाही. कारण आई तिच्याकडेही येत होती.

स्वप्नात नव्हे. स्वयंपाकघरात, दिवसाढवळ्या. लुआने वाडगा हातात घेतला की मानेवर गार वाटायचं, सुपारीचा आणि नदीच्या गाळाचा वास यायचा, आणि पाठीमागची जमिनीतली लाकडी फळी कुणाच्या तरी वजनाने जराशी खाली जायची. आई उभी असायची. काही बोलायची नाही. लुआच्या खांद्यावरून वाडग्यात बघत राहायची. लुआने इतक्या वर्षांत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिला भीती वाटत नव्हती. तिला लाज वाटत होती...

“ने,” ती अखेर म्हणाली.

“काय?” लामला भांडण अपेक्षित होतं. त्यासाठी त्याने होडीत बसून बरीच वाक्यं तयार केली होती.

“ने म्हटलं ना. तुझ्याकडे तिला पोटभर मिळेल. माझ्याकडे नाही मिळत, खरंच आहे तुझं.” तिने गळ्यातला चौकड्याचा पंचा पदरासारखा डोळ्यांना लावला आणि लगेच चुलीच्या धुराला दोष दिला. चूल गॅसची होती.

लामने होडीतून दोर आणला. बुपने सफरचंदं पुसून पिशवीत भरली. पुसताना ती म्हणाली, “ही तरी इथे राहू दे, शहरात खरी मिळतात.” कुणी हसलं नाही. कपाट पुढे ओढून त्याला दोर गुंडाळला गेला, आणि दोराआडून आई फोटोतून बघत राहिली, एखाद्या सामानासारखी. लुआला ते बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कपाटामागची भिंत इतकी वर्षं झाकलेली असल्याने तिथला रंग अजून कोवळा हिरवा होता. उद्यापासून आपण या हिरव्या चौकोनापुढे भात ठेवणार की काय, असं तिच्या मनात आलं.

निघण्याआधी आईला या घरातलं शेवटचं जेवण वाढायचं होतं. लुआने वाडगा भरला, वर माशाचा तुकडा ठेवला. लामने शहरातून आणलेली भली लांब उदबत्ती लावली. सगळे चटईवर बसले. लुआ दाराशी उभी.

त्रिन आतापर्यंत गप्प होती. नवी सून, त्यात सासरचं भांडण. तिने आल्यापासून फक्त “छान आहे” एवढंच म्हटलं होतं, तेही चुकीच्या वेळी. आता उदबत्ती जळत असताना तिने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,

“आईंचा भात मग तुमच्यात कोण खायचं?”

“कोण म्हणजे? आई,” लाम म्हणाला.

“नाही हो, उदबत्ती विझल्यावर. आमच्याकडे आजोबांपुढचा भात आम्ही भावंडं वाटून घेतो. तुमच्यात कुणाला मिळायचा?”

लाम हसला. मग त्याचं हसू हळूहळू विझलं. “वाडगा रिकामा व्हायचा,” तो म्हणाला. “मी बघायचो ना. अंगणात खेळून आत आलो की आईचा वाडगा लख्ख रिकामा असायचा. मला बरं वाटायचं. आई जेवून गेली असं वाटायचं.”

“आपोआप रिकामा व्हायचा?”

लाम शिकलेला माणूस होता. पाणी तिसऱ्या मजल्यावर का चढतं हे तो कुणालाही कागदावर काढून दाखवू शकत होता. पण चार वर्षांचा असताना पाहिलेली ती गोष्ट त्याने पुन्हा कधी तपासायलाच घेतली नव्हती. त्याने बुपकडे पाहिलं.

“तू खायचीस?”

“मी? मला वाटायचं ताई तो बदकांना घालते.”

“आपल्याकडे बदकं कधी होती?”

“नव्हती,” बुप विचार करून म्हणाली. “अंडी यायची, म्हणून मला वाटायचं असतील कुठेतरी.”

“मग ताई जेवायची कधी?”

“आपल्या आधी. आपण शाळेतून यायच्या आधी जेवून घ्यायची ती.”

“मला वाटायचं आपल्यानंतर जेवते,” लाम म्हणाला. आणि हे शब्द त्याच्याच तोंडून बाहेर पडले तेव्हा त्याला ते कुणी दुसऱ्याने म्हटल्यासारखे ऐकू आले.

बुपने उदबत्तीची राख झेलायला हात पुढे केला. पण ती उदबत्ती महागातली होती, तिची राख पडत नव्हती.

घरात तांदूळ तीन वाडग्यांचे असायचे आणि खाणारी तोंडं चार, त्यातलं एक मेलेलं. मेलेल्या माणसाचा मोठा गुण असा, की तो जेवून उठला तरी अन्न जागच्या जागी राहतं. सतरा वर्षांच्या लुआने ते ओळखलं होतं. एका वाडग्यात दोघी...

“तुझंच खरं आहे, लाम,” ती दारातून म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि या वेळी तिने चुलीला बोल लावला नाही. “पूर्ण उदबत्ती जळायला फार वेळ लागायचा रे. दिवसभर टोपल्या विणून डोळ्यांपुढे अंधारी यायची... समोर भात दिसायचा, वाफ यायची त्याची. नाही धीर धरवायचा. म्हणून मोडायची मी उदबत्ती. पैसे वाचवायला नाही. आता घरात सगळं आहे, तू पाठवतोस, तरी हात अर्ध्यावरच मोडतो. आईच्या पुढ्यातून तिचं अन्न ओढून घेतलंय मी रोज. म्हणून तर ती माझ्या मागे उभी राहते जेवताना. मागायला येते. मी एकदाही वळून तिला ‘घे’ म्हटलं नाही...”

“ताई,” बुपने तिच्याकडे पाहिलं, “ती इथेही येते?”

“रोज.”

लाम उठला, पण त्याला पुढे जाता येईना. पाय दोरात अडकला होता. तो तसाच खाली बसला, त्याच दोराजवळ, आणि लहान मुलासारखा रडू लागला. “आणि मी तुला... घासाचा हिशोब विचारला. तुला.”

“त्या नक्की काय म्हणाल्या?” त्रिनने विचारलं. “स्वप्नात. शब्द कोणते होते?”

“‘पोट भरलेलं नाही रे अजून.’”

“कुणाचं, ते म्हणाल्या का?”

आमच्या बोलण्यातही काटकसर असते. वाक्यातला माणूस बहुतेक वेळा गाळतात, ऐकणाऱ्याने आपल्या घरचा घालायचा. लामने आईचा घातला होता. आई दारातच उभी होती, तिने घरातल्या कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

“मूल जेवत असलं की आमची आईपण अशीच मागे उभी राहते,” त्रिन हळूच म्हणाली. “मागायला नाही काही. ताट संपेपर्यंत हलतच नाही.”

बुपने लुआला धरून चटईवर बसवलं, आणि ती त्या चटईवर इतकी अवघडून बसली, जणू पाहुणी म्हणून आली होती. लामने कपाटाचा दोर सोडला. गाठी त्यानेच घातल्या होत्या, तरी सुटायला वेळ लागला. मग त्याने भाताचा वाडगा शिगोशीग भरला, माशाचा पोटाकडचा तुकडा वर ठेवला आणि दोन्ही हातांनी ताईपुढे धरला.

“खा. आम्ही थांबतो.”

कुणी जेवायच्या काड्या उचलल्या नाहीत. लुआने पहिला घास घेतला. मानेवर गार वाटलं. सुपारीचा वास आला. पाठीमागची फळी हळूच खाली गेली, आणि आज प्रथमच तिला लाज वाटली नाही. ती सावकाश जेवत गेली. मासा खारट होता, अगदी नको तितका, आणि हे तिला इतक्या वर्षांत आजच कळलं. पण कुणी घाई करत नव्हतं, उदबत्ती लांब होती, आणि मागे उभी असलेली ती घासागणिक हलकी होत चालली होती. गारवा विरत होता. वास पुसट होत होता. फळी वर येत होती.

वाडग्याच्या तळाशी एक घास उरला तेव्हा लुआचा हात थांबला.

तिने उभ्या जन्मात वाडग्यात शीत टाकलं नव्हतं. चिकटलेला दाणाही ती काडीच्या टोकाने खरवडून घ्यायची. तिने त्या घासाकडे पाहिलं. पाठीमागे अजून कुणीतरी होतं, अगदी थोडंसं, वळून जायच्या बेतात... लुआने काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि वाडगा दोन्ही हातांनी झाकून मांडीशी धरला.

“एवढा संपव की, ताई,” लाम म्हणाला. “एकच घास राहिलाय.”

“राहू दे,” लुआ म्हणाली. “उद्या खाईन.”