रूबेन बक्टनची पॉपी

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी आम्ही चर्चमध्ये, मनोऱ्याखालच्या कमानीतून जाळी सोडतो. वाटाण्याच्या वेलांना लावतात तीच हिरवी जाळी, तिच्यावर टाचलेल्या शेकडो लोकरीच्या लाल पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची फुलं. आसपासच्या गावांतून माणसं येतात, फोटो काढतात, आमचा चहा पितात आणि केक कोरडा झालाय म्हणून कुरकुरतात. हा सगळा व्याप माझ्या गळ्यात आहे. मी तीस वर्षं इंग्लंडातल्या नॉरफकच्या या भागातल्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर गावानं ठरवलं, हेस्टरला मोजायला काहीतरी द्या, नाहीतर ती आपल्यालाच मोजत बसेल.

जाळीच्या तळाशी नावाच्या पॉपी असतात, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी, अशा सव्वीस. दोन महायुद्धांत गेलेल्या आमच्या सव्वीस जणांची नावं भिंतीतल्या दगडावर कोरलेली आहेत. ज्या घरचा माणूस, त्या घरानं त्याची पॉपी विणायची, आणि रविवारी प्रार्थनेत नाव पुकारलं की घरच्यानं उभं राहून ‘हजर’ म्हणायचं, अशी आमच्या गावाची रीत आहे. घरचं कुणी उरलं नसेल, तर ते नाव तसंच पुढे जातं. गेल्या वर्षी अशी सात नावं गेली आणि मला ते फार लागलं.

गुरुवारी दुपारी अँब्रोज बक्टन आला. वय सत्त्याऐंशी, लग्न नाही, मूलबाळ नाही. छाती पार निकामी झालेली. डॉक्टर नाताळाच्या पलीकडचं काही बोलत नव्हते. दारापासून बाकापर्यंत यायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

“छान दिसतंय, पोरी,” तो म्हणाला. मी सहासष्ट वर्षांची आहे, पण अँब्रोजसाठी पोरीच.

“केक खाऊ नका. कोरडा आहे.”

तो हसला, मग बराच वेळ खोकला. मग जाळीकडे बघत म्हणाला, “माझ्या बापाला जागा होईल का गं तिथं?”

त्याचा बाप रूबेन चव्वेचाळीस साली इटलीच्या किनाऱ्यावर लढताना बेपत्ता झाला. प्रेत मिळालं नाही. युद्धानंतर दगडावर नावं कोरायला कारागीर आला, तेव्हा अँब्रोजच्या आईनं, डॉर्कसनं, त्याला चर्चच्या दारातून परत पाठवलं. “माझा नवरा मेलेला नाही, त्याला उशीर झालाय,” असं तिनं सगळ्या गावादेखत सांगितलं. पुढची चव्वेचाळीस वर्षं ती तेच म्हणत राहिली.

“पाद्रीबाई म्हणाल्या आहेत ना, तुम्ही हो म्हटलंत की त्या नाव वाचतील,” मी म्हटलं. “पॉपी मी विणते, आज रात्रीत होईल.”

“आईला शब्द दिलाय. ती जाताना माझा हात धरून म्हणाली, मी सांगेपर्यंत त्याला मेलेल्यांत बसवायचं नाही.”

“अहो, ती आता कशी सांगणार?”

“तेच तर.” त्यानं टोपी गुडघ्यावर फिरवली. “आणि मी गेल्यावर त्याच्यासाठी हजर म्हणणारं कोण आहे? हे वर्ष चुकलं की संपलं.”

मी त्याला घरी सोडलं आणि येऊन चर्चला कुलूप घातलं. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते.

शुक्रवारी सकाळी नावाच्या पॉपी सत्तावीस होत्या.

सत्ताविसावी उजव्या कोपऱ्यात खाली होती. लाल रंग जरा काळपट, लोकर खरखरीत, तिला कोळशाच्या धुराचा वास. आमच्या पॉपींच्या मध्ये काळं बटण असतं, हिच्यात शर्टाचं साधं पांढरं बटण होतं. चिठ्ठी कोरी. कुणीतरी आदल्या दिवशी गर्दीत लावून गेलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. मग टाके पाहिले. ते सगळे उलट्या अंगानं फिरले होते. डावखुऱ्या बाईचे टाके असे फिरतात. आमच्या विणणाऱ्या नऊ जणींत डावखुरी एकही नाही. तरी मी नऊ जणींना फोन केले आणि नऊ जणींच्या शिव्या खाल्ल्या.

बेशिस्त मला खपत नाही. मी ती पॉपी काढली, हातातल्या पिशवीत टाकली, चेन लावली. पिशवी रात्रभर घरी माझ्या खुर्चीला टांगलेली होती.

शनिवारी सकाळी पिशवीची चेन तशीच लावलेली होती आणि आत पॉपी नव्हती.

ती जाळीवर होती, त्याच कोपऱ्यात. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रूबेन बक्टन’. अक्षर गोल, डावीकडे कललेलं.

मी ती तडक अँब्रोजकडे नेली. त्यानं चष्मा लावला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “आई डावखुरी होती.” बटणापाशी अंगठा थांबला.

“हे बटण बापाच्या निळ्या शर्टाचं आहे,” तो म्हणाला. “कडेला टवका उडालाय, बघ. लहानपणी मीच चावलं होतं.”

“मग शर्ट घरात असेल. कुणीतरी—”

“शर्ट आईच्या शवपेटीत ठेवला आम्ही. तिच्या छातीवर. तिनंच सांगितलं होतं.”

बाहेर बीटनं भरलेला ट्रॅक्टर गेला, खिडकीच्या काचा वाजल्या. अँब्रोज रडत होता, पण चेहरा हसरा होता. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता.

“सांग पाद्रीबाईंना,” तो म्हणाला. “वाच म्हणावं.”

रविवारी चर्च भरलं होतं. अँब्रोज पुढच्या बाकावर कडेला बसला. मी त्याच्यामागे.

नावं सुरू झाली. कुठे ‘हजर’, कुठे शांतता.

सगळ्यांत शेवटी पाद्रीबाईंनी वाचलं, “रूबेन बक्टन.”

अँब्रोज उभा राहिला. तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला. बाकाची कड पकडलेली बोटं पांढरी पडली.

मी उठणार होते. त्याच्यासाठी मीच म्हणणार होते.

“हजर.”

आवाज पुरुषाचा होता. तरुण, दमलेला, आमच्याच गावच्या वळणाचा. तो अँब्रोजच्या शेजारून आला आणि अँब्रोजच्या शेजारी कुणी नव्हतं.

कुणीही मान वळवली नाही.

अँब्रोज सावकाश खाली बसला. मग बाकावर थोडा सरकला. थांबला आणि अजून थोडा सरकला.

प्रार्थना संपल्यावर मी त्याच्यापाशी गेले. चहा आणू का, विचारलं.

“तीन कप आण, पोरी,” तो म्हणाला. त्याचा श्वास शांत चालला होता.

मी तीन कप आणले, बाकावर ओळीनं ठेवले आणि लोकांना निरोप द्यायला दाराशी गेले. परत आले तेव्हा अँब्रोज डोळे मिटून खिडकीतून आलेलं ऊन खात बसला होता आणि तिन्ही कप रिकामे होते. मी ते धुवायला नेले. एकाच्या तळाशी बारीक, करडी, चकाकणारी वाळू होती. तशी वाळू आमच्या भागात कुठेच नाही.