दहा दारं आणि एक ‘येते हं’

‘जोडणी नाकारली.’ पडद्यावर चौथ्यांदा तेच शब्द उमटले आणि शाल्मलीचं अवसान गळालं.

तिची आई चंद्रावरच्या शेतघरात ज्वारी वाढवत होती, पण कोंब पिवळे पडत होते. सोलापूरच्या प्रयोगशाळेत शाल्मलीने आणि मालूआत्याने तीच ज्वारी लावून पाणी द्यायचं नवं वेळापत्रक शोधलं होतं. ती फाइल पाचच्या आत पोचली नाही, तर यंत्र पुन्हा जास्त पाणी सोडणार आणि कोंब कुजणार! आई गाडी घेऊन दूर खडक गोळा करायला गेलेली. घड्याळात साडेचार वाजले होते.

“तिकडचा सर्व्हर (फाइली स्वीकारून सांभाळणारा संगणक) बंद पडला असेल,” शाल्मली रडवेली झाली.

“असेल-नसेल काय करतेस? हाक मारून बघ की!” आत्या म्हणाली.

हाक गेली आणि अडीच सेकंदांत ओ आली. म्हणजे वाट ठीक होती, पत्ताही बरोबर होता.

“मग परवलीचा शब्द चुकला?”

“तो विचारलाय कुठे अजून? आपल्याला दारातच अडवलंय.”

आत्या दुरुस्तीसाठी राखलेल्या वेगळ्या दाराने आत शिरली. सर्व्हरला दहा दारं होती. जोडणी झाली की एक दार अडतं आणि निरोप घेतला की मोकळं होतं. दहाही दारं अडलेली होती, आणि प्रत्येकावर नाव होतं शाल्मलीचं!

दारं सांभाळणाऱ्या धोंडू रोबोला आत्याने जाब विचारला.

“ती रोज आईशी बोलून झालं की ‘येते हं’ म्हणते,” धोंडू म्हणाला. “येणाऱ्याच्या तोंडावर दार कसं लावू? दहा दिवस वाट बघतोय.”

आत्याला हसू आवरेना. शाल्मलीला मात्र त्याची भारी दया आली.

“अरे वेड्या, आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हटलं की दार लावून घ्यायचं!”

खटाखट दारं लागली आणि पुढच्या जोडणीसाठी मोकळी झाली. पाचला सात मिनिटं कमी असताना फाइल पोचली आणि शाल्मलीने टुणकन उडी मारली.

संध्याकाळी आईचा आवाज आला. “मिळाली गं फाइल, कोंब वाचले! पीक काढलं की माझी इथली कामाची पाळी संपली. येते हं!”

धोंडूने लगेच दार लावलं. मग थोडं थांबून दुरुस्तीच्या दाराने त्याने हळूच विचारलं, “पण त्या खरंच येणार आहेत ना?”

“येणार म्हणजे काय, येणारच!” शाल्मली म्हणाली.