शिवदासचं पान

आमच्या घरी म्हाळाला शिवदास पणजोबांचं पान कधीच वाढत नाहीत. बाकीच्या पितरांना वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं. यांचं नावसुद्धा कुणी घेत नाही. मी मुलुंडला शाळेत इतिहास शिकवते. अशी गाळलेली नावं दिसली की माझं डोकंच फिरतं.

म्हणून सुट्टीत भिंतीवर मोठा कागद लावला. एका बाजूला जग, दुसऱ्या बाजूला पणजोबा. १९१४, महायुद्ध पेटलं. ते पलटणीबरोबर बोटीत चढले. १९१६, मेसोपोटेमियात कूत पडलं. ते तुर्कांचे कैदी झाले. १९१८, युद्ध संपलं, जगाने जल्लोष केला. पणजोबांची बाजू कोरी. बारा वर्षं बातमी नाही म्हणून १९२८ला घरच्यांनी रिवाजाप्रमाणे दर्भाचा पुतळा जाळला आणि त्यांचे दिवस घातले.

"१९२९ला न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला," मी शकुआत्याला म्हटलं. ती ऐंशीची, माझ्याकडेच असते. "गावाला काय चाललं होतं गं तेव्हा?"

आत्या वाती वळायची थांबली. "आजो इलो."

"कोण? पणजोबा?"

"भर दुपारचो. खळ्यात उभो रवान पाणी मागी होतो. दिवस घातलेलो माणूस घरात कसो घेवचो? आज्याच्या थोरल्या भावान सांगल्यान, ह्या भूत आसा. कडी माझ्या बापाशीन घातल्यान. पोरगोच होतो."

तिचा बाप म्हणजे माझे आजोबा! आणि त्या थोरल्या भावाने तोवर जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

"जिवंत माणसाला भूत ठरवलंत? घोटभर पाणी नाही दिलंत?" माझा आवाज चढला. "लाज कशी वाटली नाही कुणाला!"

सर्वपित्रीला मी हट्टाने त्यांचं पान वाढलं. मोठ्याने नाव घेतलं, "या" म्हटलं.

"तेका बोलवू नको गो," आत्या पुटपुटली.

पाणी फिरवतेय तोच सोसायटीचं ॲप वाजलं. गेटवर पाहुणा. नाव, शिवदास. आत सोडायचं?

कुणी भावंडाने चेष्टा केली असणार. मी चिडूनच 'हो' दाबलं आणि वॉचमनला फोन लावला.

"मॅडम, इधर तो कोई नहीं आया. मैंने कुछ भेजा भी नहीं."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. पावलं दारापर्यंत आली. बेल वाजली नाही.

"वायच पाणी गावात काय?"

पाणी मागणारा आवाज थकलेला होता. भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं.

मी कडीला हात घातला. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं.

तो हात मला सोडवता आला असता. मी सोडवला नाही.

बाहेर समोरच्या तेजलचं दार उघडलं. "घ्या ना आजोबा, पाणी घ्या." मग घोट ऐकू आले. एकामागून एक, थांबेचनात.

"कोणाकडे आलात?"

"ह्येंच्याकडेच. पण आत कसो येव? घरात सुतक आसा."

आत आम्ही दोघीच होतो. मनगटावरचा आत्याचा हात गार पडला होता.