पुढे पाठवा

माझं काम काय, असं कुणी विचारलं की माझ्याआधी धाकटीच उत्तर द्यायची. "आमची तायडी घरबसल्या दहा दुकानांची शटरं उघडते." तसं ते खोटंही नव्हतं. सुतार, पडदेवाली, नळवाला, कुलूपवाला, गवंडी, दातांचा डॉक्टर, अशा दहाबारा धंद्यांच्या वेबसाइट मी सांभाळते. प्रत्येकीसाठी वेगळं बसायचं म्हटलं तर नाकी नऊ येतील, म्हणून सगळ्या एकाच सिस्टीमवर बांधल्यात. सुट्टीची पाटी एकदा लिहिली की सगळीकडे लागते.

निरोपांचंही तसंच. कुठल्याही साइटवर कुणी 'संपर्क साधा'खाली काही लिहिलं की ते आधी माझ्याकडे येतं. पूर्वी ते आपोआप ज्याचं त्याला जायचं. पण फालतू जाहिरातींचा इतका भडिमार व्हायला लागला की एक दिवस सुतारकाका फोनवर कडाडले, "बाई, मला केस वाढवायचं तेल नकोय हो! टक्कल पडून जमाना झाला!" तेव्हापासून प्रत्येक निरोप मी स्वतः वाचते आणि ठीक वाटला तर 'पुढे पाठवा' दाबते. मी दाबल्याशिवाय काही हलत नाही.

धाकटी फोन घ्यायची, मी स्क्रीन बघायची. आम्ही दोघी बहिणी, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभा जन्म काढला. मागल्या वर्षी ती गेली. फार हाल झाले नाहीत, एवढंच बरं म्हणायचं. तेव्हापासून घर खायला उठतं. दिवसभर मी माणसांशी बोलते, पण सगळं कामाचं. साइट का उघडत नाही, फोटो कधी बदलणार. जेवलीस का, असं विचारणारं कुणी उरलं नाही. एवढंसं वाक्य, पण ते ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाट्टेल ते केलं असतं.

पहिला निरोप पडदेवालीसाठी होता. 'आतल्या खोलीला जाड पडदे हवेत. बहिणीला दुपारचं ऊन सोसत नाही, डोकं उठतं.' पत्ता पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतला. दुपारचं ऊन मलाही सोसत नाही. म्हटलं, असतात आपल्यासारख्या बायका. पाठवून दिला.

मग सुताराला. 'लिहायचं टेबल हवं. खण डाव्या बाजूला. बहीण डावखुरी आहे.' पत्ता तोच. मीही डावखुरीच.

मग नळवाल्याला. 'न्हाणीघराची पायरी खाली घ्यायची आहे. बहिणीचा उजवा गुडघा वाकत नाही.'

तो वाचताना माझा हात माझ्या उजव्या गुडघ्यावरच होता. सकाळचं तेल अजून जिरलं नव्हतं.

आता गंमत अशी की यातला प्रत्येकजण फक्त आपापलं काम बघत होता. पडदेवालीला टेबलाचं ठाऊक नाही, सुताराला पायरीचं नाही. सगळं एकत्र दिसत होतं ते मला एकटीला. कुणीतरी एक खोली मांडत होतं आणि ती खोली माझ्या मापाची होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मला पहिला संशय आला तो कुणा टवाळखोराचा. म्हटलं, कोण आहे हा शहाणा, बघूच. निरोप बाहेरून आला की सिस्टीम त्यावर एक खूण करते, आणि आम्ही तपासणीसाठी स्वतःच टाकला की वेगळी. या तिन्हींवर घरची खूण होती. घरची खाती दोनच. एक माझं, एक धाकटीचं. तिचं बंद करायला माझा हात धजला नव्हता, आणि पासवर्ड तिचा तिलाच माहीत होता.

मी घाबरले. पण खरं सांगायचं तर त्याखाली कुठेतरी बरंही वाटलं.

टेबल पोचवून झाल्यावर सुतारकाकांचा फोन आला. काम झालं म्हणाले, पण फोन ठेवेनात.

"काका, आणखी काही आहे का?"

"आहे, आहे. बाई, एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"सांगा की."

"त्या घरातल्या बाई आहेत ना... तुमच्या धाकट्या फोनवर बोलायच्या, अगदी तसाच आवाज. मी त्यांना म्हटलंसुद्धा."

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात."

मी खुर्चीत बसले. "दिसायला कशा आहेत?"

"समोर उभ्या होत्या हो. चहाचा कप हातात दिला माझ्या. पण चेहरा म्हणाल तर... जाऊ द्या, म्हातारा झालो, दुसरं काय."

पडदेवालीला विचारलं. गिऱ्हाइकाच्या चपलेचा रंगही ती महिनाभर विसरत नाही. "चेहरा ना?" ती म्हणाली. "थांबा हं, सांगते." आणि तिने उगाच साइटवरच्या फोटोंचा विषय काढला.

पुढचा निरोप पुन्हा सुतारासाठी होता. 'खिडकी आतून फळ्या ठोकून बंद करायची आहे.'

इथे मात्र मी अडले. धाकटी मरणाच्या थंडीतही खिडकी लावू द्यायची नाही. त्यावरून आमची रोज जुंपायची. मी दोन रजया घेऊन कुडकुडत झोपायची आणि ही बया सताड उघड्या खिडकीखाली घोरत पडायची. बंद खिडकीची खोली तिने मागितलीच नसती, माझ्यासाठीसुद्धा नाही. जे कुणी ही खोली मांडत होतं त्याला माझं सगळं माहीत होतं, आणि तिचं काहीच नाही.

तोही मी पुढे पाठवला. का, ते विचारू नका. पुढचा निरोप यावा असं वाटत होतं, एवढंच.

तो आला भर दुपारी. कुलूपवाल्यासाठी.

'आतल्या खोलीच्या दाराला कुलूप हवं. बाहेरून लागणारं. आतून उघडायची सोय नको. बहीण लवकरच यायची आहे.'

मी माझ्याच खात्यातून धाकटीचं खातं निवडलं आणि 'खातं बंद करा' दाबलं. नक्की का, असं सिस्टीमने विचारलं. हो बाई, नक्की. कुलूपवाल्याचा निरोप तसाच ठेवला, ना पाठवला ना पुसला.

मग शांतता झाली. निरोप येत होते, पण दातदुखीचे आणि गळक्या नळांचे. मी कामं उरकत होते. एका पातेल्यात दोन दिवसांचं शिजवायचं आणि उभ्यानेच खायचं, हे पुन्हा सुरू झालं. एकदा दिवसभर कुणाचाच फोन आला नाही. संध्याकाळी आवाज फुटतोय का बघायला मी मोठ्याने स्वतःचं नाव घेतलं. रिकाम्या घरात ते इतकं परकं वाटलं की मला रडू कोसळलं. ती धाकटी नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. पण माझ्या गुडघ्याची काळजी करणारं जगात दुसरं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खातं पुन्हा चालू केलं.

चहा गाळेपर्यंत निरोप आला होता. कुठल्याच धंद्यासाठी नाही. धंद्याच्या नावाची चौकट रिकामीच होती. खाली एवढंच:

'जेवलीस का?'

मी कुलूपवाल्याचा निरोप पुढे पाठवला.

कुलूप बसल्याचा फोन आला तशी मी निघाले. टाकीमागची गल्ली स्वच्छ होती, ऊन पडलेलं. घराचं दार नुसतं लोटलेलं. आत ताज्या रंगाचा वास. मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही, पण आतल्या खोलीचा दिवा लागला.

टेबलावर ताट झाकून ठेवलेलं होतं. खण डावीकडे. खुर्ची अशी मांडलेली की बसलं की पाठ दाराकडे. मी बसले. जेवले. किती दिवसांनी बसून जेवले.

मागे दार हळूच लोटलं गेलं. कुलपाचा आवाज झाला.

मी वळून बघितलं नाही.

आता मी इथूनच काम करते. सिस्टीम कुठूनही चालते. पाट्या लागतात, फोटो बदलतात, फोन उचलला जातो, आणि मी घर सोडलंय हे एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलेलं नाही. ताट येतं तेव्हा मी स्क्रीनकडे बघत असते. माझ्या गुडघ्याची विचारपूस होते. आवाज तिचाच आहे. मी उत्तर देते.

आज गवंड्यासाठी निरोप आला. 'आतल्या खोलीचं दार काढून भिंत सलग करायची आहे.' खाली माप दिलेलं. मी दोनदा वाचला. पाठवला.

थोड्या वेळात गवंड्याचा फोन.

"बाई, हे टाकीमागचं काम. दार बुजवा लिहिलंय, पण नवं दार कुठे काढायचं ते लिहिलेलं नाही. खिडकी तर सुताराने बंद केलीय म्हणे. मग आत जायचं कुठून?"

"जायचं नसेल कुणाला."

"तसं नव्हे हो. आत कुणी राहत नाही ना? नंतर माझ्या डोक्याला ताप नको."

दारापलीकडची पावलं थांबली होती. ऐकत होती.

"छे, कुणी नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी आलात तरी चालेल."