फुगलेलं छत आणि आबाजींचा कापूर

दुधासारखं पातळ पाणी छताला लागतं काय आणि बघता बघता इडलीसारखं टम्म फुगतं काय! एवढं आलं कुठून? उंबऱ्याबाहेर उभ्या यमूला काही कळेना.

चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय सांगू! पत्र्याखाली बसलं तर डोक्यावर तापला तवा धरल्यागत. म्हणून तर घरात फुग्या आला होता. फुग्या म्हणजे लांब मानेचा, फवारणी करणारा यंत्रमानव. काम आटोपून तो अंगणात आला.

"आत काय भरलंयस रे?" यमूनं विचारलं.

"वायू. माझ्या दोन टाक्यांतली रसायनं नळीच्या तोंडाशी भेटली की फसफसतात. लाखो बुडबुडे होतात आणि तसेच घट्ट बसतात. झाला उष्णतारोधक (ऊन आत येऊ न देणारा) फेस. तुझ्या गोधडीसारखाच."

"गोधडीनं तर गरम होतं!"

"गोधडी फक्त अडवते. आतली ऊब की बाहेरचं ऊन, तिला काय त्याचं?"

यमू हसली. मग फुग्या म्हणाला, "याच्या दोन जाती. एक उघड्या बुडबुड्यांची. मऊ, स्पंजसारखी, स्वस्त. पण ती दमट हवा आत घेते, गळतीचं पाणी पिते आणि पत्रा गंजवते. दुसरी बंद बुडबुड्यांची. कडक, पाणी न पिणारी. तुमच्याकडं तीच मारलीय."

"म्हणजे चांगली!"

"तिचेही नखरे आहेत. महाग असते. वर पत्रा गळला तरी खाली पत्ता लागू देत नाही. घर इतकं बंद करते की हवेसाठी पंख्याची खिडकी लागते. फवारणीची वाफ छातीत गेली तर दमा जडू शकतो. म्हणून उद्यापर्यंत आत कोणी जायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे..."

फुग्याची मान ताठ झाली. कपाळावरचा दिवा लाल झाला.

"यमू, घरातून कापराचा वास येतोय."

यमू उंबऱ्याकडं धावली. आबाजी! तिचे आजोबा सकाळपासून कुरकुरत होते, "नवं काम झालं, ओवाळायला नको?" ते मागच्या दारानं आत शिरले होते. डोकावून बघितलं तर हातात ताट, ताटात पेटता कापूर. ते खोकत होते आणि ताट वर, थेट त्या फेसाकडं नेत होते.

"हा फेस भडकन पेट घेतो!" फुग्या कुजबुजला. "धूर काळा, विषारी. माझ्या टाक्या मला वेगानं धावू देत नाहीत. तू आत जाऊ नकोस!"

यमू उंबऱ्याबाहेरच थांबली. "आबाजी, बाहेर या!" ती ओरडली. आबाजींना ऐकू आलं, पण ऐकतील ते आबाजी कसले?

"गप गं! ओवाळू दे आधी!"

ताट आणखी वर गेलं. तेवढ्यात यमूची नजर बाहेरच्या ओट्यावर पडली.

"आबाजी! नारळ बाहेरच राहिला!"

ताट थबकलं.

"अगं, मग आण की!"

"मी नाही येत! तुम्हीच या! नारळाशिवाय कुठं ओवाळतात?"

"आजकालची पोरं..." बडबडत, खोकत आबाजी बाहेर आले. उंबरा ओलांडताच फुग्यानं मान लांबवून अंगणातली वाळू कापरावर टाकली.

"अरे माठा, विझवलास?"

यमूनं आजोबांच्या कमरेला मिठी मारली आणि रडत रडत सगळं सांगितलं. आबाजी ओट्यावर बसले. छातीवर हात ठेवून बराच वेळ श्वास घेत राहिले.

"उद्या फेसावर जिप्समचं अस्तर (आग लवकर आत जाऊ न देणारी जाड पाटी) बसवतो," फुग्या म्हणाला. "मग घरही गार, भीतीही कमी."

"आणि ओवाळणं?" आबाजींनी हळूच विचारलं.

"अंगणात," यमू म्हणाली. "फुग्यालाच ओवाळू."

आबाजींनी नारळ फोडला. यमूनं फुग्याच्या कपाळावर कुंकू लावलं आणि दारातून त्या पांढऱ्या, फुगलेल्या छताकडं बघितलं. भीती अजून पुरती गेली नव्हती.

"मोठी झाले ना," ती म्हणाली, "की कापराला न भिणारा फेस करीन."

"कर," आबाजी म्हणाले. "नारळ मी आणीन. आठवणीनं."