अकरावं पॅनल

तनया माझी मावसबहीण. तिच्या थापा मी चांगल्या ओळखतो. ही थाप नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मंगळवार, दुपारचे अडीच. कसबा पेठेतलं एक छोटं, नवं नाट्यगृह.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर पॅनल्स बसवली होती. डिझाईन निकिताचं, तनयाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं. तनयाचंही होतं, पण ऑफिसच्या सरांनी निकिताचं निवडलं. चार वर्षं दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या. त्या दिवसापासून तनयाला तिच्यासमोर घास गिळवेना. नुसता जळफळाट.

कामगार जेवायला गेले होते. तनयाने मागच्या भिंतीवरचं अकरावं पॅनल उघडलं. आतला, आवाज शोषून घेणाऱ्या ग्लासवूलचा जाड थर ओढून काढला. आता इथे आवाज घुमणार, आणि उद्याच्या चाचणीत निकिताची फजिती होणार.

स्क्रू आवळताना ती पुटपुटली, "बघू तुझी हुशारी."

मग तिने टाळी वाजवली. रिकाम्या हॉलमध्ये असंच तपासतात. टाळी वाजवायची, आवाज किती रेंगाळतो ते ऐकायचं.

आवाज आलाच नाही...

पुन्हा वाजवली. जोरात. तळवे झणझणले.

काहीच नाही.

रस्त्यावरचे हॉर्नही थांबले होते. तिने हाक मारली. ओठ हलले, इतकंच.

आणि मग... अकराव्या पॅनलमागे कोणीतरी टाळी वाजवली.

सावकाश. एकदाच.

ती पळत सुटली.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. निकिताने टाळी वाजवली, आवाज जागच्या जागी विरला. सर म्हणाले, "वा. सुरेख काम."

तनया मागच्या भिंतीकडे बघत राहिली.

तेवढ्यात... अकराव्या पॅनलमधून तनयाचा आवाज आला.

"बघू तुझी हुशारी."

सगळ्यांनी ऐकलं. सरांनी पॅनल उघडायला लावलं. आत पोकळ. निकिताने एकदा तनयाकडे पाहिलं आणि बॅग उचलून निघून गेली.

संध्याकाळी तनयाने माझ्या मोबाइलवरून तिला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा ती मनापासून माफी मागत होती. रडत होती. मी शेजारीच बसलो होतो, शब्द न् शब्द ऐकला.

पलीकडून निकिता म्हणत राहिली, "हॅलो? कोण बोलतंय? अहो, आवाज येत नाहीये..."

फोन बदलून पाहिला. तिच्या घरी जाऊन, समोर बसून पाहिलं.

तनयाचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. निकिताला अजूनही येत नाही.